नव्याचे नऊ दिवस आणि टेनिसची नवी रॅकेट

मडके घ्यायचे तर ते वाजवून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण. टेनिसच्या रॅकेटलाही ती लागू पडते. अडचण एवढीच, की रॅकेट नेमकी कशी वाजवून पाहावी हे फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेत आणि युरोपात अनेक दुकाने नवी रॅकेट काही दिवस खेळून पाहण्यासाठी देतात. त्यासाठी नाममात्र शुल्क घ्यायचे आणि खरेदी झाल्यास ते किमतीतून वजा करायचे, असा पुष्कळ ठिकाणचा रिवाज आहे. काही दुकाने तर तीन-चार रॅकेटी टपालाने घरपोच पाठवितात. सोय उत्तम आहे. पण तिचा उपयोग बहुधा अर्ध्या तासात आटोपतो. चार फोरहँड सणसणीत बसले, आवाज मनासारखा आला, समोरच्याने ‘वा!’ म्हटले, की सौदा पक्का होतो.

पुढे महिना-दीड महिन्यात जुने दोष जुन्याच जागी परत येतात. बॅकहँड पूर्वीसारखाच नेटमध्ये जातो, दुसरी सर्व्हिस पूर्वीसारखीच आखूड पडते आणि दुसऱ्या एखाद्या रॅकेटची जाहिरात खुणावू लागते. हा प्रश्न केवळ अडीचशे-तीनशे डॉलरांचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. आठवडाभर संगणकापुढे बसून शनिवारी सकाळी कोर्टवर उतरणाऱ्या, चाळिशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या खेळाडूला चुकीच्या रॅकेटची खरी किंमत कोपराने मोजावी लागते. म्हणूनच नव्या रॅकेटचा निवाडा पहिल्या अर्ध्या तासातील सुखावर सोपवू नये. चेंडू कोठे पडले याची नोंद, थकल्यानंतरचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराची अवस्था, या तीन साक्षी काढाव्यात आणि मगच कौल द्यावा.

पहिला अर्धा तास का फसवतो?

चेंडू रॅकेटच्या जाळीवर जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद टेकतो. हाताला झालेली जाणीव मेंदूपर्यंत पोहोचते, तोवर चेंडू रॅकेट सोडून निघून गेलेला असतो. ज्याला खेळाडू ‘फील’ म्हणतात, ती फटका घडून गेल्यानंतर हाताला मिळालेली वार्ता होय. ती उपयुक्त असते; परंतु चेंडू चांगला गेला की वाईट, याचा पुरावा ठरू शकत नाही.

त्या वार्तेत ध्वनीचाही मोठा वाटा असतो. जाळीत बसविण्याचे रबरी बटण, म्हणजे डॅम्पनर, तारांचा ‘टण्’ असा आवाज बंद करते आणि रॅकेट अधिक मऊ झाल्याचा भास होतो. वास्तविक ते केवळ तारांचे कंपन शमविते. चौकटीचे कंपन त्याहून बरेच कमी वारंवारतेचे, साधारणपणे दर सेकंदाला शंभर-दोनशे आवर्तनांच्या आसपास असते. ते या बटणाला दाद देत नाही आणि तसेच मुठीतून हातात उतरते.

तिसरे कारण गटिंगचे. तारा प्राण्यांच्या आतड्यापासून बनत, त्या काळापासून हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. आतड्याच्या तारा आजही मिळतात. पण अधिक वापर नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या तारांचा आहे. आपल्या जुन्या रॅकेटचे गटिंग सहा-आठ महिन्यांचे, ताण गमावलेले असते. दुकानातून आलेल्या रॅकेटवर वेगळ्या जातीची तार असते, तिचा ताण वेगळा असतो, आणि ती आपल्याआधी कितीजणांच्या हातून गेली हेही ठाऊक नसते. अशा दोन रॅकेटींची तुलना केली तर जाणवणारा फरक चौकटीचा कमी आणि तारांचाच अधिक असू शकतो.

शेवटचे कारण मानवी स्वभावात आहे. हाती नवी वस्तू आली की माणूस सावध होतो. पाय लवकर हलतात, नजर चेंडूवर खिळते आणि हात पूर्ण फिरतो. खेळ खरोखरच सुधारतो, त्याचे श्रेय मात्र रॅकेटला मिळते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

रॅकेटवरील आकडे काय सांगतात?

खेळून पाहण्यापूर्वी रॅकेटची माहिती वाचता आली पाहिजे. प्रौढांच्या रॅकेटची लांबी बहुधा २७ इंच, म्हणजे ६८.६ सेंटिमीटर असते. नियमानुसार ती २९ इंचांहून अधिक असू शकत नाही. बाकी आकड्यांत चार महत्त्वाचे आहेत.

पहिला आकडा हेडच्या क्षेत्रफळाचा. जुन्या लाकडी रॅकेटींचे हेड सुमारे ६५ चौरस इंचांचे असे. आज बहुसंख्य रॅकेटी ९७ ते १०५ चौरस इंचांच्या दरम्यान आहेत. हेड रुंद असले की चेंडू मध्यापासून ढळून लागला तरी रॅकेट हातात कमी पिळवटते. दुसरा आकडा वजनाचा. तो बहुधा तारांविना दिलेला असतो; गटिंगमुळे त्यात साधारण १५ ते १८ ग्रॅमची भर पडते आणि तोल हेडकडे सुमारे एक सेंटिमीटर सरकतो.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा म्हणजे स्विंगवेट. रॅकेट फिरविताना ती किती जड वाटेल, याचे हे माप. ते वस्तुमानावर आणि मुठीजवळच्या अक्षापासून असलेल्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ३ ग्रॅमची शिशाची पट्टी मुठीवर चिकटविली तर स्विंगवेटमध्ये नावापुरताही फरक पडत नाही. तीच पट्टी हेडच्या टोकाला लावली तर ते सुमारे १० एककांनी वाढते. गटिंग केलेल्या रॅकेटींचे स्विंगवेट सर्वसाधारणपणे ३०० ते ३४० च्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे १० एककांचे मोल कळते. काट्यावर सारख्याच भरणाऱ्या दोन रॅकेटी हाताला इतक्या निराळ्या का वाटतात, याचे उत्तर येथे आहे.

चौथा आकडा चौकटीच्या ताठरपणाचा. ताठ चौकट आघाताच्या वेळी कमी वाकते, त्यामुळे ऊर्जा कमी वाया जाते आणि चेंडू अधिक खोल जातो; मात्र फटका जागेवर बसला नाही तर हाताला बसणारा हिसकाही अधिक तीव्र असतो. यांच्या जोडीला तारांची मांडणीही पाहावी. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची विरळ जाळी चेंडूला फिरकी देण्यास सोयीची, तर १८ उभ्या आणि २० आडव्या तारांची दाट जाळी सरळ, सखल फटक्यांना अनुकूल असते.

बाबोलाट प्युअर ड्राइव्ह आणि विल्सन ब्लेड ९८ या दोन लोकप्रिय रॅकेटींची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिली १०० चौरस इंचांची, तारांविना ३०० ग्रॅमची आणि ताठ. दुसरी ९८ चौरस इंचांची, ३०५ ग्रॅमची आणि अधिक लवचीक. कागदावर फरक २ चौरस इंचांचा आणि ५ ग्रॅमचा. कोर्टवर मात्र पहिली चेंडू स्वतःहून पुढे ढकलते आणि दुसरी खेळाडूने लावलेल्या बळाची वाट पाहते. ज्याचे फटके आखूड पडतात त्याला पहिली तारून नेईल. ज्याचे बेसलाइनपलीकडे जातात त्याला दुसरी आवर घालील. ‘उत्तम रॅकेट कोणती’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. आपला चेंडू कोठे चुकतो, हे आधी ठाऊक हवे.

सुखद जागा आणि जोरकस जागा

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रॅकेटचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. त्यांनी दाखवून दिले की खेळाडू ज्याला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, त्या नावाखाली तीन वेगळ्या जागा दडलेल्या आहेत. एका जागी चेंडू लागला असता चौकट सर्वांत कमी थरथरते. दुसऱ्या जागी हाताला बसणारा धक्का सर्वांत कमी असतो. तिसऱ्या जागेवरून चेंडू सर्वाधिक वेगाने परत उसळतो. पहिल्या दोन जागा जाळीच्या मध्याजवळ असतात; स्थिर धरलेल्या रॅकेटवर तिसरी जागा मुठीच्या दिशेने खाली सरकलेली असते. सर्व्हिस करताना रॅकेटचे टोक मुठीपेक्षा कितीतरी वेगाने फिरते, त्यामुळे तेथे वेगाच्या दृष्टीने लाभदायक जागा पुन्हा वर जाते.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. फटका हाताला गोड लागला म्हणजे तो परिणामकारक झालाच, असे नाही. सुख आणि परिणाम यांचे मोजमाप वेगवेगळे करावे लागते.

फेडररचा दोन टप्प्यांतील प्रयोग

नव्या रॅकेटच्या चाचणीचे अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण रॉजर फेडररचे. २०१३ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्याच फेरीत सर्गेई स्टाखोव्स्कीकडून पराभूत झाल्यावर त्याने वर्षानुवर्षे साथ देणारी ९० चौरस इंचांची रॅकेट बाजूला ठेवली आणि हॅम्बर्ग व ग्श्टाड येथील स्पर्धांत ९८ चौरस इंचांचा नमुना हाती घेतला. हॅम्बर्गला उपांत्य फेरीत फेडेरिको डेलबोनिसने आणि ग्श्टाडला पहिल्याच सामन्यात डॅनियल ब्रँड्सने त्याला हरविले. त्या वर्षीच्या अमेरिकन ओपनमध्ये तो जुन्याच रॅकेटने खेळला. प्रयोग फसला, असा अनेकांचा समज झाला.

परंतु त्या उन्हाळ्यात फेडररची पाठ दुखत होती. दुखऱ्या पाठीने घेतलेली चाचणी रॅकेटविषयी काहीच सिद्ध करू शकत नव्हती. हे ओळखून त्याने हंगाम संपल्यावर पुन्हा काम सुरू केले आणि २०१४ मध्ये तो ९७ चौरस इंचांची रॅकेट घेऊन उतरला. त्यानंतरही फळ लगेच पदरात पडले नाही. २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत त्याला एकही ग्रँड स्लॅम जिंकता आले नाही. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात मात्र नदालच्या उंच उसळणाऱ्या चेंडूंवर त्याचा एकहाती बॅकहँड ज्या निर्धाराने चालला, त्यात रुंद हेडचाही वाटा असल्याचे मानले जाते. तो संपूर्णतः रॅकेटचा पराक्रम होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. आपल्यासाठी बोध एवढाच, की शरीर ठीक नसताना घेतलेली चाचणी बाद समजावी आणि पराभव हाती आला म्हणून रॅकेटला दोषी ठरवू नये.

चाचणीची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: या रॅकेटवर कोणती तार आहे, ती किती पौंडांवर ताणली आहे आणि केव्हा बसविली आहे. त्यानंतर आपल्या जुन्या रॅकेटवर शक्यतो तीच तार, त्याच ताणावर, नव्याने बसवून घ्यावी. यासाठी येणारा खर्च नव्या रॅकेटच्या किमतीपुढे किरकोळ आहे. कित्येकदा या टप्प्यावरच प्रश्न सुटतो. जुन्या रॅकेटला हवे होते ते केवळ ताजे गटिंग, असे आढळून येते.

दोन्ही रॅकेटी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलाव्यात आणि फूटपट्टीच्या कडेवर आडव्या ठेवून त्यांचा तोलबिंदू मुठीच्या टोकापासून किती सेंटिमीटरवर येतो, ते लिहून ठेवावे. एकाच नावाच्या दोन रॅकेटींत काही ग्रॅमचा फरक असणे सामान्य आहे. खेळून पाहिलेली रॅकेट एक आणि खोक्यातून निघालेली दुसरीच, असे होऊ नये म्हणून ही नोंद खरेदीच्या वेळी कामी येते. मुठीचा घेरही पाहावा: नेहमीच्या पद्धतीने रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे.

पहिला दिवस केवळ ओळखीचा मानावा. त्या दिवसाची कोणतीही नोंद निवाड्यात धरू नये. दुसऱ्या दिवशी नव्या चेंडूंचा डबा उघडावा, नेहमीचा जोडीदार घ्यावा आणि रॅकेटी आलटून पालटून वापराव्यात: जुनी, नवी, नवी, जुनी. असा क्रम ठेवला म्हणजे अंग मोकळे होण्याचा किंवा थकव्याचा लाभ-तोटा एकाच रॅकेटच्या वाट्याला येत नाही. प्रत्येक पाळीत २० फोरहँड, २० बॅकहँड आणि २० दुसऱ्या सर्व्हिस माराव्यात. रॅलीचा चेंडू सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पण कोर्टच्या आत पडला, तरच तो मोजावा. चुका दोन रकान्यांत लिहाव्यात: नेटमध्ये गेलेले आणि बाहेर गेलेले. त्यानंतर सर्व्हिस परतविणे, नेटजवळच्या व्हॉली आणि धावत जाऊन ताणून घेतलेले चेंडू यांचीही पाळी घ्यावी. उभ्या जागी मिळालेल्या सोप्या चेंडूवर कोणतीही रॅकेट चांगलीच वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या रॅकेटने २० पैकी १२ आणि नवीने १४ चेंडू हव्या त्या जागी पडले, तर नवी सरस ठरत नाही. एकाच रॅकेटने दोनदा २०-२० चेंडू मारले तरी केवळ योगायोगाने दोन-तीन चेंडूंचा फरक सहज पडतो. नाणे २० वेळा उडविले तर एकदा ९ आणि दुसऱ्या खेपेस १२ छापे पडावेत, तसेच हे. फरक पाच-सहा चेंडूंचा असेल आणि तो दोन-तीन दिवस टिकून राहिला, तरच त्याला अर्थ आहे. त्याहून लहान फरकासाठी तीनशे डॉलर मोजावेत का, हा मग ज्याचा त्याचा प्रश्न.

चुकांचे रकाने आकड्यांहूनही अधिक बोलके असतात. बहुतेक चुका बेसलाइनपलीकडच्या असतील तर रॅकेट आपल्याला अधिक जोरकस पडते आहे. ताण दोन-तीन पौंडांनी वाढवून एकदा पाहावे. ताण सैल असला की चेंडू कमी चेपला जातो, त्याची ऊर्जा कमी वाया जाते आणि तो खोल जातो. ताण वाढविल्यास याच्या उलट घडते. चुका नेटमधल्या असतील तर विरळ जाळी किंवा थोडे मोठे हेड उपयोगी पडू शकते. दोन्ही रॅकेटींच्या चुका एकाच जातीच्या निघाल्या, तर दोष रॅकेटमध्ये शोधू नये. तेवढेच पैसे प्रशिक्षकाला द्यावेत.

शेवटी एक पूर्ण सेट खेळून, दम लागलेला असताना, फोरहँड-बॅकहँडची पाळी पुन्हा घ्यावी. जड रॅकेटचे खरे रूप येथे दिसते. ताज्या दमात तिने मारलेला चेंडू वजनदार जातो; दीड तासानंतर तीच रॅकेट चेंडूपाशी उशिरा पोहोचू लागते आणि फटका शरीराच्या मागे लागतो. क्लबचा सामना बहुधा याच वेळी ठरत असतो.

कोपराची साक्ष

ज्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात त्या विकारात मनगट मागे वळविणाऱ्या स्नायूची कंडरा कोपराच्या बाहेरील हाडाला जेथे जुळते, तेथे वेदना होतात. हा विकार जडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक टेनिस खेळतही नाहीत. मनगटाला आणि पकडीला वारंवार तोच ताण देणारे कोणतेही काम त्याला पुरते. चाळिशीच्या सुमारास त्याचा उपद्रव अधिक दिसतो. खेळाडूंमध्ये उशिरा लागलेला एकहाती बॅकहँड हे त्याचे नेहमीचे कारण.

रॅकेटच्या बाजूने पाहता अति हलकी व ताठ चौकट आणि तिच्यावर घट्ट ताणलेली पॉलिएस्टरची तार, ही जोडी कोपराला सर्वांत कठीण. हलकी रॅकेट हाताला सुखाची, ही समजूत अर्धीच खरी आहे: ती उचलायला सोपी असते, परंतु वेगवान चेंडूपुढे अधिक मागे ढकलली जाते आणि तो धक्का हाताला सोसावा लागतो. पॉलिएस्टरची तार व्यावसायिक खेळाडूंना फिरकीसाठी हवी असते. ते ती दर सामन्याला बदलतात. तिचा ताण लवकर उतरतो आणि आपण मात्र ती तुटेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने वापरतो. आठवड्यातून जितके दिवस खेळतो, निदान तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलावे, हा जुना संकेत म्हणूनच पाळण्याजोगा आहे.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तळहात खाली ठेवून खुर्ची उचलून पाहावी किंवा फ्रिजमधून दुधाचा गॅलनचा कॅन बाहेर काढताना लक्ष द्यावे. कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ आली, तर आदल्या दिवशीचे आकडे कितीही उत्तम असोत, ती रॅकेट त्या गटिंगसह परत करावी. कळ आठवडाभर टिकली तर रॅकेटचा विचार बाजूला ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

निर्णयापूर्वी हवामानाकडेही पाहावे

बोस्टनच्या एप्रिलमधील गारठ्यात जो चेंडू दगडासारखा वाटतो, तोच दुबईच्या उष्ण संध्याकाळी चपळ उसळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये विरळ हवेमुळे चेंडू लांब जातो. १,२१९ मीटरांहून उंच ठिकाणांसाठी नियमावलीत स्वतंत्र चेंडूची तरतूदच आहे. थंडीत निवडलेली जोरकस रॅकेट ऑगस्टमध्ये आवरेनाशी झाली, तर नवल नाही. ज्या ऋतूत आपण अधिक खेळतो, त्या ऋतूतील चाचणी ग्राह्य मानावी.

एवढे सारे करून तीनपैकी एक निष्कर्ष हाती येतो. नवी रॅकेट स्पष्टपणे सरस ठरली आणि कोपराने तक्रार केली नाही, तर ती निःशंकपणे घ्यावी. फरक दिसलाच नाही, तर जुनीवर ताजे गटिंग करून पैसे वाचवावेत. ही चाचणी वाया गेलेली नसते. निष्कर्ष संदिग्ध राहिला, तर घाई करू नये. दोन-तीन आठवड्यांनी, उत्सुकता ओसरल्यावर, तीच रॅकेट पुन्हा मागवावी आणि आधीच्या नोंदी शेजारी ठेवून तेच २०-२० चेंडू पुन्हा मारावेत. नव्याचे नऊ दिवस तोवर सरलेले असतात, आणि उरलेला फरक रॅकेटचा असतो.